‘सॅलरी’तले मीठ आणि आपला ‘पगार’

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी आपण एक टिपण तयार करत आहात. ‘रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ दिले जाई, लॅटिनमध्ये मिठाला साल म्हणतात, म्हणून इंग्रजीत सॅलरी हा शब्द आला’ असे वाक्य त्यात घालायचे आहे, आणि ते खरे आहे की नाही याची खात्री आपल्याला करून हवी आहे. ‘पगार’ हा शब्द संस्कृत आहे की फारसी, असेही आपण विचारले आहे.

आधी उत्तर सांगतो, कारणे नंतर देतो. ‘सॅलरी’ हा शब्द मिठाच्या लॅटिन नावावरून आला, हे निर्विवाद आहे. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळे, याला मात्र एकाही प्राचीन लेखकाचा आधार नाही. ‘पगार’ संस्कृत नाही आणि फारसीही नाही; तो पोर्तुगिजांबरोबर आला, आणि त्याचे मूळसुद्धा लॅटिनच आहे. माझ्या मते आपल्या टिपणात खरी जागा या दुसऱ्या शब्दाला मिळायला हवी.

कोशाच्या आणि भाषांतराच्या कामात मला अठ्ठावीस वर्षे झाली. या काळात ही मिठाची गोष्ट माझ्या टेबलावर इतक्या वेळा आली आहे की सुरुवातीच्या वर्षांत एका शालेय पुस्तकाच्या भाषांतरात ती मी स्वतःच, मूळ न तपासता, तशीच पुढे जाऊ दिली होती. पुढे लॅटिन शिकून ग्रंथ हाताशी घेतले तेव्हा ती चूक कळली, आणि तेव्हापासून या शब्दाचे कागद मी जपून ठेवले आहेत.

शब्दाच्या घडणीविषयी फारसा वाद नाही. ‘साल’ म्हणजे मीठ. त्यापासून ‘सालारिउस’, म्हणजे ‘मिठाचा, मिठासंबंधीचा’, हे विशेषण झाले आणि त्या विशेषणाचे नपुंसकलिंगी रूप ‘सालारिउम’ हे नाम म्हणून रूढ झाले. इंग्लंडमध्ये राज्य करणाऱ्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून ते पुढे सरकले आणि १४व्या शतकात इंग्रजी लिखाणात दिसू लागले. सॅलड, सॉस, सॉसेज आणि सलामी हे शब्दही याच घरातले आहेत, कारण या सगळ्या पदार्थांच्या नावांमागे ‘खारवलेले’ हाच अर्थ आहे.

अडचण अर्थाच्या बाजूला आहे. मिठाच्या नावावरून पैशाचे नाव का पडले, हे सांगणारे प्राचीन वाक्य एकच आहे. ते इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरला प्लिनी याच्या ‘निसर्गेतिहास’ या ३७ भागांच्या ग्रंथात, ३१व्या भागात येते. प्लिनी तेथे मिठाची थोरवी गात आहे. मिठावाचून सुसंस्कृत जीवन शक्य नाही, बुद्धीच्या चमकदारपणालाही लोक मिठाचेच नाव देतात, असे म्हणत तो पुढे एवढेच लिहितो की मानाच्या पदांशी आणि सैन्यसेवेशीही मिठाचा संबंध येतो, कारण ‘सालारिआ’ (‘सालारिउम’चे अनेकवचन) हे नाव त्यावरूनच पडले आहे. आणि पूर्वजांच्या लेखी मिठाचे महत्त्व किती होते, हे ‘विआ सालारिआ’ या रस्त्याच्या नावावरून दिसते, कारण साबाइन लोकांच्या मुलखात मीठ त्याच रस्त्याने जात असे. हा रस्ता रोमहून ईशान्येला निघून एड्रिएटिक समुद्राच्या काठापर्यंत जातो.

हे वाक्य मी विद्यार्थ्यांकडून नेहमी दोनदा वाचून घेतो. त्यात सैनिकांना मीठ दिले जाई असे नाही. मिठासाठी पैसे दिले जात असेही नाही. नाव मिठावरून पडले, इतकेच आहे. प्लिनीला सैन्याची माहिती नव्हती म्हणून त्याने मोघम लिहिले, असेही म्हणता येत नाही. तो स्वतः जर्मानियात घोडदळाचा अधिकारी होता, आणि इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा मिसेनुम येथील आरमाराचा प्रमुख असताना त्याचा मृत्यू झाला. सैनिकाच्या हातात काय पडते, हे त्याला पक्के ठाऊक होते. मिठाच्या गौरवासाठी मिळेल तो दाखला गोळा करणाऱ्या या माणसाला, आपल्या सैनिकांना पूर्वी मिठातच पगार मिळत असे हे माहीत असते, तर ते त्याने लिहिल्याशिवाय सोडले नसते, असे मला वाटते.

मग सैनिकांना मिळत काय असे? त्यांच्या पगाराचे नाव ‘सालारिउम’ नव्हतेच. ते होते ‘स्तिपेन्दिउम’, म्हणजे आज इंग्रजीत विद्यावेतनासाठी वापरतात त्या ‘स्टायपेंड’चे मूळ. ‘स्तिप्स’ म्हणजे लहान नाणे किंवा वर्गणी, आणि ‘पेन्देरे’ म्हणजे तोलणे, तोलून देणे. नाणी पाडण्यापूर्वी ब्राँझचे तुकडे तराजूत तोलून व्यवहार होत, त्याची खूण या क्रियापदात राहिली आहे. पेन्शन आणि एक्स्पेन्स हेही त्याच तराजूतून उतरलेले शब्द आहेत. आपल्याकडे ‘तुला’ या शब्दापासून ‘तोळा’ झाला आणि रुपयाचे वजन तोळ्याशी जोडले गेले, हे आठवले तर या रोमन शब्दांचे वळण परके वाटणार नाही.

रोमन इतिहासकार लिव्ही याच्या सांगण्याप्रमाणे पायदळाला सरकारी खजिन्यातून पगार देण्याची सुरुवात इसवी सनपूर्व ४०६ मध्ये झाली. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात लीजनमधल्या, म्हणजे रोमन पायदळाच्या मुख्य पलटणीतल्या, साध्या सैनिकाला वर्षाला २२५ देनारिउस ही चांदीची नाणी मिळत. एका देनारिउसचे १६ अ‍ॅस, म्हणजे लहान नाणी, होत, म्हणजे वर्षाचे ३,६०० अ‍ॅस आणि दिवसाचे साधारण दहा. ही दहाची संख्या टॅसिटसच्या इतिहासातही येते. इसवी सन १४ मध्ये ऑगस्टसच्या मृत्यूनंतर डॅन्यूबच्या बाजूच्या छावण्यांत बंड झाले, तेव्हा पेर्केन्निउस नावाचा सैनिक आपल्या सोबत्यांना चिथावत म्हणतो की आपला जीव आणि शरीर यांची किंमत दिवसाला दहा अ‍ॅस ठरवली आहे, आणि त्यातूनच कपडे, शस्त्रे व तंबू घ्यायचे, त्यातूनच अधिकाऱ्याचा मार चुकवण्यासाठी पैसे मोजायचे. इतकी बारीक यादी देणाऱ्या या भाषणात मीठ नाही.

भाषणावर विसंबायचे नसेल, तर प्रत्यक्ष हिशेबाचा कागदही उपलब्ध आहे. रोमन इजिप्तमधला एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद, आज जिनिव्हात आहे. इसवी सन ८१ मध्ये दोन सैनिकांच्या नावे किती रक्कम जमा झाली आणि किती कापली गेली, हे त्यावर ओळीने लिहिले आहे. क्विन्तुस यूलिउस प्रोकुलुस या सैनिकाच्या नावे पगाराच्या पहिल्या हप्त्याचे २४८ द्राख्मा (इजिप्तमध्ये चालणारे नाणे) जमा आहेत. त्यातून गवताचे १० वजा, खाण्याचे ८० वजा, बूट आणि पट्ट्यांचे १२ वजा, छावणीतल्या साटर्नालिया सणाच्या वर्गणीचे २० वजा आणि कपड्यांचे ६० वजा. कपातीची बेरीज १८२, आणि सैनिकाच्या खाती शिल्लक ६६. आपल्या विभागातून दर महिन्याला निघणाऱ्या पगारपत्रकाशेजारी हा कागद ठेवला, तर एकोणीसशे वर्षांत मांडणी फारशी बदललेली नाही हे आपल्या लक्षात येईल. या पत्रकात जमेच्या बाजूला मीठ नाही आणि कपातीच्या बाजूलाही मिठाची वेगळी ओळ नाही. ते असलेच तर खाण्याच्या ८० द्राख्मांमध्ये कोठेतरी सामावलेले असणार.

मीठ ही रोजच्या गरजेची पण किरकोळ बाब होती, हे शेतीवर लिहिणाऱ्या थोरल्या कातोच्या एका सूचनेवरूनही समजते. शेतावरच्या गुलामांना काय द्यावे हे सांगताना तो म्हणतो की माणशी वर्षाला एक मोदिउस मीठ पुरेसे आहे. मोदिउस हे सुमारे पावणेनऊ लिटरचे माप. वर्षभरात एक माणूस जेवढे मीठ खातो, ते इतके थोडे असेल, तर त्या जिनसात वर्षाचा पगार चुकता करायचा म्हणजे सैनिकाने पोतीच्या पोती घेऊन छावणीच्या दारात विकत बसायचे. कोणतेही सैन्य असे चालत नाही.

आता ‘सालारिउम’ कोणाला मिळत असे ते पाहू, कारण खरी गंमत तेथे आहे. साम्राज्याच्या काळातल्या लिखाणात हा शब्द बहुधा वरच्या वर्गाच्या मानधनाला लावलेला आढळतो. प्रांताधिपतीला देऊ केले जाणारे ‘सालारिउम’ सम्राट दोमितिआनुसने आग्रिकोला या सेनापतीला दिले नाही, अशी तक्रार आग्रिकोलाचा जावई टॅसिटस करतो. नीरोने खानदानी पण निर्धन झालेल्या सिनेटरांना वार्षिक ‘सालारिआ’ लावून दिली आणि त्यातली काही पाच लाख सेस्तेर्तिउस या रोमन नाण्यांपर्यंतची होती, असे चरित्रकार स्वेतोनिउस लिहितो. त्याचेच आणखी एक वाक्य मला फार मोलाचे वाटते. तिबेरिउस हा सम्राट हात आखडणारा होता. प्रवासात आणि मोहिमेत बरोबर घेतलेल्या मंडळींना तो ‘सालारिउम’ कधीच देत नसे, फक्त जेवणखाण पुरवत असे. म्हणजे त्या काळच्या वाचकाला ‘सालारिउम’ आणि खाण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगावे लागत नव्हते. पहिला शब्द ऐकला की डोळ्यापुढे पैसेच येत.

तरीही नाव मिठावरून का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर एका कथेत शोधण्यापेक्षा लॅटिनच्या सवयीत शोधावे, असे माझे मत आहे. एखाद्या वस्तूच्या नावाला हाच प्रत्यय जोडून ‘त्या वस्तूपोटी दिलेली रक्कम’ असे नाव करण्याची रीत लॅटिनमध्ये होती. ‘काल्केउस’ म्हणजे बूट, त्यावरून ‘काल्केआरिउम’ म्हणजे बुटांचे पैसे. ‘क्लावुस’ म्हणजे खिळा. बुटांच्या तळाला ठोकायच्या खिळ्यांच्या नावाने सैनिकांना दिलेली बक्षिशी म्हणजे ‘क्लावारिउम’. प्रांतावर जाणाऱ्या अधिकाऱ्याला सामानसुमानासाठी मिळे ते ‘वासारिउम’, कारण ‘वासा’ म्हणजे भांडीकुंडी. ओस्तिआ आणि पुतेओली येथून पाळीपाळीने रोमला पायी येणाऱ्या आरमारातल्या लोकांनी सम्राट वेस्पासिआनुसकडे बुटांचे पैसे मागितले, तेव्हा त्याने यापुढे अनवाणी धावा असा हुकूम केला आणि ती रीत पुढे चालू राहिली, असे स्वेतोनिउस सांगतो. ‘सालारिउम’ या रांगेत बसवले की ते ‘मिठापोटीचे पैसे’ ठरते. मुळात ही रक्कम मिठाइतकीच लहान असेल, किंवा केवळ नम्रतेने मोठ्या रकमेला लहान वस्तूचे नाव दिलेले असेल.

मराठी माणसाला ही गोष्ट मुद्दाम समजावून द्यावी लागू नये. मराठेशाहीत राजघराण्यातल्या आणि सरदारघराण्यांतल्या स्त्रियांना ‘चोळीबांगडीसाठी’ अख्ख्या गावांचे उत्पन्न लावून दिले जाई. त्या पैशाच्या बांगड्याच भरल्या पाहिजेत असे कोणी म्हणत नव्हते, आणि गावाच्या वसुलाऐवजी बांगड्यांची पेटी पाठवावी असेही कोणाच्या मनात येत नव्हते. ‘दिवाबत्ती’ आणि ‘पानसुपारी’ यांच्या नावाने दिलेल्या नेमणुकाही अशाच. ‘भत्ता’ हा शब्द तर कोशकार ‘भक्त’, म्हणजे शिजवलेले अन्न, भात, या संस्कृत शब्दाशी जोडतात. आज महागाई भत्ता खात्यात जमा होतो तेव्हा कोणी तांदळाची अपेक्षा करत नाही. दोन हजार वर्षांनी एखादा परदेशी अभ्यासक ‘मराठे आपल्या राण्यांना बांगड्यांच्या रूपात पगार देत’ असे लिहू लागला, तर आपल्याला जेवढे चुकीचे वाटेल, तेवढेच ‘रोमन सैनिकांना मिठात पगार’ हे विधान चुकीचे आहे.

ही समजूत पसरली कशी, याचाही एक धागा सांगता येतो. इंग्रजी जगात फार वापरला गेलेला, १८७९ साली प्रसिद्ध झालेला लॅटिन–इंग्रजी कोश ‘सालारिउम’चा अर्थ देताना ‘मुळात सैनिकांना मिठासाठी दिलेले पैसे’ असे छापतो. प्लिनीच्या वाक्यात नसलेली ‘साठी दिलेले पैसे’ ही जोड येथे कोशकारांनी अनुमानाने घातली आहे. अनुमान म्हणून ते वाजवीही आहे. पण कोशातले अनुमान पुढच्या माणसाच्या हातात वस्तुस्थिती होते, आणि त्याच्याही पुढचा माणूस ‘मिठासाठी पैसे’ याचे ‘पैशाऐवजी मीठ’ करून टाकतो. आपल्याकडे तर ही गोष्ट रुजायला जमीन तयारच होती. खाल्ल्या मिठाला जागणे, मीठभाकर, नमकहराम, अशा शब्दांनी धनी आणि चाकर यांचे नाते आपण मिठावर तोलतो. त्यामुळे रोमनांनी पगारच मिठात दिला असे कानावर पडले की ते आपलेच काही ऐकल्यासारखे वाटते आणि शंका घ्यावी असे मनात येत नाही. पण आपला वाक्प्रचार हा रोमच्या इतिहासाचा पुरावा होऊ शकत नाही.

याच गोष्टीचे एक उपकथानक असे सांगते की ‘सोल्जर’ हा शब्दही ‘साल’पासून, म्हणजे ‘मीठ देणे’ यातून, आला. ते तर सरळ चूक आहे. ‘सोल्जर’ आला तो ‘सोलिदुस’ या सोन्याच्या नाण्याच्या नावावरून. सम्राट कॉन्स्टंटाइनने हे नाणे सुरू केले, आणि एका रोमन पौंड सोन्यात अशी ७२ नाणी पडत. ‘सोलिदुस’ म्हणजे भरीव. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये पगार या अर्थी रूप झाले, आणि पगार घेऊन लढणारा तो ‘सोल्जर’. टिपणात हे दोन शब्द एकत्र आणण्याचा मोह झाला, तर तो टाळावा.

आता ‘पगार’. सरकारी कागदांत संस्कृत ‘वेतन’ आले आणि जुन्या दप्तरांत ‘तनखा’, ‘मुशाहिरा’ होते, पण घरात, कारखान्यात आणि दुकानात मराठी माणूस ‘पगार’च म्हणतो. पोर्तुगीज भाषेत ‘पगार’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ पैसे देणे, देणे चुकते करणे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतले, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ पर्यंत राहिली. किल्ल्यांचे बांधकाम, गोदी, चर्च आणि कोठारे यांच्यावर राबणाऱ्या आपल्या माणसांच्या कानावर हे क्रियापद पडले आणि त्यांनी त्याचे पुल्लिंगी नाम केले: तो पगार, माझा पगार. बार्देशातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो (१८५५–१९२२) या गोमंतकीय धर्मगुरू-भाषापंडितांनी आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा जो कोश १९१३ मध्ये सिद्ध केला, त्यात या शब्दाची नोंद आहे. त्याच वाटेने चावी, पाव, बटाटा, घमेले, तुरुंग आणि नाताळ हे शब्द आपल्याकडे आले. यांतल्या चावीमागे लॅटिन ‘क्लाविस’ आहे, पावामागे ‘पानिस’, आणि नाताळामागे जन्मासंबंधीचा ‘नातालिस’.

पोर्तुगीज ‘पगार’मागे लॅटिन ‘पाकारे’ हे क्रियापद आहे, आणि ‘पाकारे’च्या मुळाशी ‘पाक्स’, म्हणजे शांतता. ‘पाकारे’चा मूळ अर्थ शांत करणे, एखादा प्रदेश वश करून तेथे शांतता आणणे यासाठीही रोमन ते वापरत. पुढे देणेकऱ्याने सावकाराला शांत करणे, त्याचे समाधान करणे, म्हणजे पैसे चुकते करणे, असा अर्थ सरकला. इटलीपासून पोर्तुगालपर्यंतच्या भाषांना तोच अर्थ वारशाने मिळाला. फ्रेंचमध्ये स्वरांमधला ‘क’ झिजून गेला आणि ‘पाकारे’चे ‘पेये’ झाले. तेच इंग्रजीत जाऊन ‘पे’ झाले. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये तो ‘क’ झिजला नाही, मऊ होऊन ‘ग’ झाला, जसे लॅटिन ‘आमिकुस’चे, म्हणजे मित्राचे, फ्रेंचमध्ये ‘आमी’ झाले पण स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये ‘आमिगो’. म्हणून इंग्रजी ‘पे’ आणि मराठी ‘पगार’ हे एकाच आजीची नातवंडे आहेत, आणि त्यांपैकी मराठी नातवाच्या चेहऱ्यावर आजीची ठेवण अधिक उतरली आहे. ‘पे-स्लिप’ला आपण ‘पगारपत्रक’ म्हणतो, तेव्हा नकळत एका लॅटिन शब्दाचे भाषांतर त्याच लॅटिन शब्दाने करत असतो.

शांत करणे आणि पैसे देणे यांची सांगड कशी बसली, हे समजायला मला लॅटिन वाचतानाही मराठीचाच आधार मिळाला. आपण तहान भागवतो, भूक भागवतो, आणि कर्जही भागवतो. जे मागत होते ते आता मागत नाही, हा तिन्ही ठिकाणी समान भाव आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘पे’ या क्रियापदाला ‘संतुष्ट करणे’ असाही अर्थ होता; तो नंतर मागे पडला आणि केवळ पैशाचा उरला.

आपल्या वाक्यापुरते सांगायचे, तर ते असे दुरुस्त करता येईल: ‘सॅलरी हा शब्द लॅटिन सालारिउमवरून आला. हे नाव मिठावरून पडले असे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील लेखक प्लिनी सांगतो; रोमन सैनिकांचा पगार मात्र नाण्यांत होत असे आणि त्याला स्तिपेन्दिउम म्हणत.’ त्याच्याखाली जागा असेल तर प्रोकुलुसच्या हिशेबाच्या त्या ओळी छापाव्यात, जमा २४८ पासून शिल्लक ६६ पर्यंत. नव्याने रुजू होणाऱ्याला पहिल्या महिन्याचे पगारपत्रक हातात पडल्यावर त्या आठवतील.